गाडी आदळतेय: स्प्रिंग बदलायची की शॉकअप?

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली गाडी स्पीडब्रेकरवर धाडकन आपटायला लागली की माणूस गॅरेजला जाऊन ठरलेलं वाक्य बोलतो: "सस्पेन्शन जरा कडक करून द्या." मग पार्टसच्या दुकानात जाऊन जे सगळ्यात कडक असेल ते घेतो. आठवडाभर गाडी नवी वाटते. पुढे मागच्या सीटवर बसलेली आई विचारते, "कामून रे, गाडी लई दणके द्यायली?"

गाडीतून जे हरवलेलं असतं ते बहुतेक वेळा कडकपणा नसतोच. हरवलेला असतो ताबा. कडकपणा स्प्रिंगचा असतो आणि ताबा शॉकअपचा. रोजच्या गाडीला पार्टस निवडताना एवढा फरक कळला की अर्धे पैसे वाचतात.

स्प्रिंगचं काम गाडीचं वजन तोलून धरणं आणि चाक वर सरकलं की दबणं. पण दबलेली स्प्रिंग सुटताना सगळी ताकद परत देते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. शॉकअप नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डुलत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्यात दांड्याला लावलेला पिस्टन, आणि पिस्टनला बारीक छिद्रं व पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह. दांडा आत-बाहेर झाला की तेलाला त्या छिद्रांतून जावं लागतं. ते सहजासहजी जात नाही, आणि त्या झटापटीत उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो ह्यामुळे. स्प्रिंग म्हणजे पोळ्याला उधळलेला बैल, तर शॉकअप म्हणजे त्याचा कासरा. कासरा कुजला म्हणून कोणी बैल बदलत नाही.

आणि ह्या दोघांचं म्हातारपणही वेगळं असतं. पोलादी स्प्रिंग वर्षांनी थोडी बसते, म्हणजे तिची उंची घटते, किंवा गंजून तुटते. तिचा कडकपणा मात्र जवळपास तोच राहतो, कारण तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो आणि त्यातलं काही वयानं बदलत नाही. शॉकअपचं तसं नाही. त्याचं सील झिजतं, तेल झिरपतं, व्हॉल्व्ह सैल होतात. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. दुसऱ्याच्या नव्या गाडीत बसलं की कळतं. म्हणून गाडी "लई उड्या मारायली" अशी तक्रार असेल तर संशय आधी शॉकअपवर घ्यायचा. गाडी एका बाजूनं किंवा मागून बसलेली दिसत असेल तर स्प्रिंगवर.

पण त्याच्याही आधी तिसरीकडेच बघायचं. चांगला मेस्त्री गाडी आल्या आल्या शॉकअपला हात लावत नाही. आधी पुढचं चाक उचलून हातानं हलवतो, लिंक रॉड (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या बारला जोडणारा छोटा दांडा) पिरगाळून बघतो, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे रबरी गादीत, पहार घालून तपासतो, मग एकाला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्वतः शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या माउंटिंगवर बोट ठेवतो. बोटाखाली कटकट जाणवली की माउंटिंगचं बेअरिंग गेलं. खड्ड्यातली ठकठक फार वेळा लिंक रॉडची किंवा माउंटिंगची असते, आणि हे पार्टस शॉकअपच्या मानानं स्वस्त असतात. बोनेट हातानं दाबून सोडायची चाचणी सगळेच करतात. तिच्यावर फार विसंबू नका. पार गेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा गेलेला सापडत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. रबर एकसारखं न झिजता जागोजागी खोलगट झालं असेल तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये असं समजा. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसटसा ओलावा चालतो. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर तो बाद.

पुढचं वेगळं, मागचं वेगळं

मारुती 800 पासून स्विफ्ट, डिझायर, वॅगनआरपर्यंत पुढच्या चाकांना जी रचना आहे ती मॅकफर्सन स्ट्रटची. अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना. 1950 साली आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती, आणि आज लहान गाड्यांत तीच सगळीकडे दिसते. ह्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर, म्हणजे स्ट्रटवर, बसतात. हा खांब उसळी तर थोपवतोच, शिवाय चाकाला आधार देतो, ब्रेक मारताना आणि वळताना आडवा जोर सोसतो, आणि स्टिअरिंगबरोबर स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे पुढे हलका माल घालून पैसे वाचवू नयेत. रॉड, म्हणजे शॉकअपचा दांडा, बारीक किंवा त्याला सरळ धरणारं आतलं गाइड बुश कच्चं असेल तर आडव्या जोरानं सील लवकर जातं.

मागे बहुतेक लहान गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारा बीम असतो, स्प्रिंग एका जागी आणि शॉकअप वेगळा. तिथे स्प्रिंगला हात न लावता शॉकअप बदलता येतो, मजुरीही कमी लागते. (बोलेरोचे पाटे, स्कॉर्पिओची चासी हा निराळा विषय आहे. इथलं सगळं साध्या हॅचबॅक-सेडानबद्दल आहे.)

आता आपला रस्ता बघा. गोदावरीच्या खोऱ्यातल्या परभणी-नांदेडकडच्या रानात खोल काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डा नसतानाही लाटांसारखा वरखाली होतो. अशा लाटांवर गाडी दणका देत नाही, ती तरंगते: एका लाटेवरून उतरायच्या आत दुसरी येते. इथे कामाला येतो शॉकअपचा सुटतानाचा रोध, म्हणजे स्प्रिंग परत उलगडत असताना तो तिला किती आवरून धरतो ते. दबतानाचा रोध वेगळा असतो, आणि बहुतेक शॉकअपमध्ये तो मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो जास्त झाला की प्रत्येक दगड थेट कमरेत येतो. सुटताना घट्ट आणि दबताना बेताचा, असा शॉकअप आपल्याकडच्या लाटांच्या रस्त्याला मानवतो. दुकानदाराला ही भाषा समजेलच असं नाही. पण बसवून झाल्यावर चाचणी घेताना तुम्हाला कळेल: लाटेवरून उतरल्यावर गाडी एकदाच बसून शांत झाली पाहिजे.

दुसरं टोक समृद्धी महामार्गाचं. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या त्या सिमेंटच्या रस्त्यावर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. गावातल्या रस्त्यावर चालून जाणारा ढिला शॉकअप तिथे लेन बदलताना स्वतःची ओळख करून देतो. आठवड्यातून एकदा जरी त्या रस्त्यानं जाणं असेल तर शॉकअपचं काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

ओझ्याचा हिशेब

स्प्रिंग बदलावी की नाही हे रस्त्यावरून नव्हे तर ओझ्यावरून ठरवावं. त्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे असतील.

समजा मागच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर दर 2 किलो वजनाला गाडी 1 मिमी बसते. रिकाम्या गाडीत त्या चाकाला वर सरकायला 100 मिमी जागा आहे. आता डिकीत बाहेरून बसवलेली सीएनजीची लोखंडी टाकी आली, साठेक किलोची. प्रत्येक मागच्या चाकाच्या वाट्याला 30 किलो, म्हणजे गाडी कायमची 15 मिमी खाली. त्यात मागच्या सीटवर तिघं बसले आणि मोंढ्यातून एक कट्टा डिकीत आला. सगळं धरून प्रत्येक मागच्या चाकावर 120 किलो जास्तीचे म्हटले, तर गाडी 60 मिमी बसली. खड्ड्यासाठी उरले 40 मिमी. ते संपले की रबराचा बंपस्टॉप लागतो, आणि तो लागला की धाडकन आवाज येतो. हा आवाज नवा शॉकअप टाकून जात नाही, कारण तिथे जागाच संपलेली असते.

अशा गाडीला मागे थोडी कडक स्प्रिंग द्यावी का? टाकी कायम डिकीत असेल तर हो, विचार करावा. कंपनीतूनच सीएनजी बसून आलेल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन त्या वजनाला जुळवलेलं असतं. त्याच गाडीच्या सीएनजी मॉडेलच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा असला आणि ती तुमच्या मॉडेलला बसत असली तर माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग तो. कंपनीनं केलेल्या हिशेबाचा फायदा आयता मिळतो. पण ओझं वर्षातून चार वेळा, तुळजापूर-पैठणच्या वारीपुरतंच असेल तर स्प्रिंगला हात लावू नका. तीनशे दिवस गाडीत एकटा माणूस असतो, आणि कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी दगडासारखी चालते.

ह्याच हिशेबात गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगही घालून बघू. समजा स्प्रिंग 30 मिमीनं बुटकी आणि 25 टक्क्यांनी कडक आहे. आता 2 किलोऐवजी अडीच किलोला 1 मिमी. तेच 120 किलो ठेवले तर गाडी 48 मिमी बसते, त्यात आधीचे 30 धरले तर 78. उरले 22 मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी 25 च्या वेगानं ओलांडता यावा असा. आपल्या गावच्या वेशीवरचा स्पीडब्रेकर कोणी मोजून केलाय? उंची दीडपट, रुंदी हातभर. 22 मिमी घेऊन तिथे जायचं म्हणजे सायलेन्सरचा नैवेद्य दाखवायचा. आयबाकसारख्या कंपन्यांच्या अशा स्प्रिंग उत्तम असतात, पण त्या गुळगुळीत रस्त्यांसाठी आणि त्यांना साजेशा शॉकअपबरोबर. गाडीबरोबर आलेल्या जुन्या शॉकअपवर त्या बसवल्या तर शॉकअप कायम दबलेल्या जागेत काम करतो आणि लवकर जातो. आट्यांवर फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड, म्हणजे कॉइलओव्हर, तर रोजच्या गाडीला नकोतच. आपल्या धुळीत आणि चिखलात त्यांचे आटे वर्षभरात जाम होतात.

स्वस्तातले उपाय मात्र सगळ्यात महाग पडतात. स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली घेणारे अजून आहेत. पाच कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की उंची तर जातेच, वर स्प्रिंग 25 टक्क्यांनी कडक होते, आणि कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. गॅस कटरनं तापवून स्प्रिंग बसवणं त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं. तारेच्या जाडीचंही सांगून ठेवतो. दुकानदार म्हणतो, "एकच मिलिमीटर जाड आहे, काही फरक पडत नाही." कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 12 मिमीच्या जागी 13 मिमीची तार म्हणजे जवळपास 38 टक्के जास्त कडक, बाकी सगळं सारखं असताना.

वेटोळ्यांच्या मध्ये घालायचे रबरी बफर मिळतात. ते ज्या वेटोळ्याला धरतात ते काम करायचं थांबतं, म्हणजे स्प्रिंग तेवढी कडक होते आणि ताण बाकीच्यांवर जातो. दोन दिवसांच्या ओझ्याला चालून जातं, कायमचं नको. स्ट्रटच्या वर जाड पॅड घालून पुढून गाडी उचलणाऱ्यांनी ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन आणि ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, किती ताणला जातो ते आधी बघावं. आणि गाडी मूळ रचनेपेक्षा वेगळी करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अडसर आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेअरला ते बरोबर दिसतं. झिजलेला पार्ट त्याच मापाच्या पार्टनं बदलणं ह्यात येत नाही.

शॉकअप कोणता?

माझं मत सरळ आहे. रोजच्या गाडीला मूळ पार्टच्या मापाचा आणि तेवढ्याच किंवा किंचित जास्त रोधाचा शॉकअप घ्यावा. त्यासाठी गाडीच्या कंपनीच्याच डब्यातला पार्ट एक, नाहीतर जे कारखाने गाडी कंपन्यांना माल पुरवतात त्यांचाच बाजारातला माल. गॅब्रिएल त्यातलं जुनं नाव, चाकण आणि नाशिकला त्यांचे कारखाने आहेत. मोनरो आणि जपानची केवायबीही ओळखीची आहेत. कोणी म्हणेल, वाळूजला एन्ड्युरन्स आहे की. आहे, पण त्यांचं सस्पेन्शनचं मुख्य काम दुचाकी-तीनचाकीचं. बिलस्टीन आणि कोनी ही नावं वजनदार आहेत, आणि तुमच्या गाडीसाठी त्यांचं मॉडेल असलं, खिसा परवानगी देत असला, तर त्यांच्यासारखा ताबा नाही. पण आठ वर्षं जुन्या हॅचबॅकला ते घालण्यापेक्षा त्याच पैशात शॉकअप, माउंटिंग, बुश आणि टायर असं सगळं नवं होतं, आणि गाडी जास्त सुधारते.

"गॅसचा घेऊ का तेलाचा?" हा प्रश्न हमखास येतो. गॅसच्या शॉकअपमध्येही तेलच काम करतं. नायट्रोजन भरलेला असतो तो तेलाला दाबून ठेवायला, नाहीतर सतत हालचालीनं तेलात फेस होतो आणि फेसाला रोध नसतो. मैलभर खडबडीत रस्त्यावर गॅसचा शॉकअप शेवटपर्यंत सारखा चालतो, साधा मध्येच ढिला पडू शकतो. म्हणून मिळत असेल तर कमी दाबाचा, दुहेरी नळीचा गॅस शॉकअप घ्यावा. जास्त दाबाचे एकनळीचे शॉकअप उष्णता छान सोडतात, पण नळीला दगड लागून पोचा आला की पिस्टन तिथेच अडतो. कच्च्या रस्त्यानं शेतात जाणाऱ्या गाडीला दुहेरी नळी बरी.

तेल भरून, रंग मारून विकले जाणारे रिकंडिशन शॉकअप घेऊ नका. आतले व्हॉल्व्ह तेच झिजलेले असतात.

घेताना दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या, एकच गेला असला तरी. माउंटिंग, बंपस्टॉप आणि धुळीचं रबरी कव्हरही त्याच बिलात घ्या. स्ट्रट उघडायची मजुरी एकदाच द्यायची असते. जुनं फाटलेलं कव्हर परत चढवलं तर काळ्या मातीची धूळ नव्या रॉडवर बसते आणि सील कापते. पावसाळ्यात तर चिखलाची पेस्टच होते.

बसवताना गॅरेजला उभे राहा. दबलेली स्प्रिंग उडाली तर माणूस जायबंदी होतो, तेव्हा स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर नीट लागलाय ना बघा आणि समोर उभे राहू नका. रॉड फिरू नये म्हणून पोरगा त्याला पकडीनं धरू लागला तर लगेच थांबवा. त्या ओरखड्यानं सील महिन्यात जातं. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाचदा पूर्ण आत-बाहेर करून घ्यायचा असतो, आडवा पडून आत गेलेली हवा निघते. आणि एक गोष्ट जी कित्येक गॅरेजला करतच नाहीत: लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या रबरी बुशचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिरगळतं, कायम पिरगळलेलं राहतं आणि फाटतं. "नवीन टाकलं तरी आवाज यायला" ह्या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

पुढचे स्ट्रट निघाले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते, तीही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मागची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही बघून घ्या. मागून उचललेल्या गाडीचा झोत पुढे रस्त्यावरच पडतो. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट एकदा पान्यानं तपासून घ्या.

जुने शॉकअप मात्र गॅरेजला सोडून येऊ नका. घरी आणा आणि भंगारात देण्याआधी रॉडवर ग्राइंडरनं दोन-चार ओरखडे मारून घ्या. नळीला हात लावू नका, गॅसचा असेल तर आत दाब असतो. ओरखडलेल्या रॉडला कोणी रंग मारून परत विकू शकत नाही.